घडीतले अभय

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत स्थानकात थोडी अधिक वेळ थांबते. तेथील प्रसिद्ध बटाटेवडा ज्यांना वर्ज्य, अशा आपल्या कुटुंबांनाही हा थांबा परिचयाचा आहे. अनेकांना तो फलाटावरील खाण्यापिण्यासाठी आहे असे वाटते. वस्तुतः त्या अवधीत गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जात असतात. पुढे बोरघाट आहे आणि त्याची चढण सदतिसास एक इतकी तीव्र आहे. उतरणीचे नियम याहून कडक. उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकची परीक्षा घेतली जाते, वेग बांधून दिलेला असतो आणि इतके करूनही ताबा सुटलाच, तर गाडी मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन चढणीवर थांबविणारी ‘कॅच सायडिंग’ नावाची मार्गिका राखून ठेवलेली असते. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटमार्गाच्या साऱ्या व्यवस्थेमागे एक साधे तत्त्व आहे. ब्रेक आहे, म्हणून तो लागेलच, असे कोणी गृहीत धरीत नाही.

ज्या साधनावर जीव सोपवायचा त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न घाटातील रेल्वेइतकाच आकाशातून उतरणाऱ्या हवाई छत्रीलाही लागू पडतो. आज तो घराघरात येऊ लागला आहे. दुबईला सहलीस गेलेला पुतण्या विमानातून उडी मारण्याची परवानगी फोनवरून मागतो. पदवी पूर्ण केलेली कन्या हरियाणातील नारनौलला जाऊन उडी मारण्याचा हट्ट धरते. खोपोली, खालापूर, कर्जत, नेरळ येथील पेढ्यांवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तेव्हा एकच प्रश्न येतो, “हे सुरक्षित आहे का?” प्रश्न योग्य आहे, मात्र त्याचे खरे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ या एका शब्दात मावत नाही.

माथेरानएवढ्या उंचीवरून

कर्जतच्या बाजारपेठेतून मान वर केली की माथेरानचे पठार दिसते. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. कर्जतच्या सपाटीवरून पाहता ती साधारण २,४०० फूट भरते. १८ एप्रिल २००४ रोजी पुण्याची शीतल महाजन ही एकवीस वर्षांची तरुणी जवळजवळ तेवढ्याच उंचीवरून उत्तर ध्रुवावर उतरली. हेलिकॉप्टरमधून मारलेली ती तिच्या आयुष्यातील पहिली उडी होती. तत्पूर्वी एकही सरावाची उडी झालेली नव्हती आणि तापमान उणे ३७ अंश सेल्सिअस होते.

डिसेंबर २००६ मध्ये तिने दक्षिण ध्रुवावर ११,६०० फुटांवरून उडी घेतली. २०११ साली तिला ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. विवाहानंतर शीतल राणे-महाजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मराठी स्त्रीने फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी लुगडे नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उडी मारली, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात २१,५०० फुटांवरून. नऊवारीचे छायाचित्र घरोघरी पोहोचले. पण त्या छायाचित्रात आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. लुगड्यावरून आवळलेले पट्टे, पाठीवरील छत्रीची पिशवी, शिरस्त्राण आणि डोळ्यांवरील चष्मा यांपैकी कशातही सवलत घेतलेली नव्हती. परंपरेचा वेष साधनांच्या शिस्तीत बसवला गेला होता.

२,४०० फुटांवरून छत्री न उघडता पडणाऱ्या माणसाला भूमीपर्यंत पोहोचण्यास जेमतेम अठरा सेकंद लागतात. पहिले हजार फूट सरण्यास सुमारे दहा सेकंद जातात, कारण वेग वाढत असतो. त्यानंतर तो ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि पुढचा प्रत्येक हजार फुटांचा टप्पा साडेपाच सेकंदांत संपतो. एवढ्या अवधीत नवीन काही शिकता येत नाही, की सांधता येत नाही. जे व्हायचे ते भूमीवर, कापडाची घडी घालतानाच ठरलेले असते.

रेशमापासून नायलॉनपर्यंत

या कापडाचा इतिहास कापडाच्या व्यापारात पिढ्या घालविलेल्या कुटुंबांनी जाणून घ्यावा असा आहे. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-जाक गार्नरँ हा फ्रेंच गृहस्थ पॅरिसमध्ये फुग्यातून रेशमी छत्रीच्या आधारे खाली उतरला. छत्राच्या माथ्याला छिद्र नव्हते. त्यामुळे कोंडलेली हवा कडांवरून निसटत राहिली आणि तो लंबकासारखा हेलकावे खात आला. पुढे माथ्याला छिद्र ठेवण्याची सुधारणा झाली व डोलणे कमी झाले. सर्वच धडे मात्र इतके स्वस्तात मिळाले नाहीत. १८३७ साली लंडनजवळ रॉबर्ट कॉकिंग हा चित्रकार उलट्या शंकूच्या आकाराच्या छत्रीसह उतरताना मरण पावला; छत्रीचे स्वतःचे वजन त्याने हिशेबात नीट धरले नव्हते. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी फ्रान्झ राइशेल्ट नावाच्या शिंप्याने स्वतः शिवलेला छत्री-पोशाख घालून आयफेल मनोऱ्यावरून उडी मारली व प्राण गमावला. पुतळ्यांवर घेतलेल्या चाचण्या आधीच फसल्या होत्या. त्यांनी दिलेले उत्तर त्याला मान्य करावयाचे नव्हते.

२८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत लेस्ली अर्विन याने विमानातून उडी मारून हवेत असतानाच स्वहस्ते छत्री उघडली. उतरताना त्याचा घोटा मोडला, पण पद्धत सिद्ध झाली. पुढे याच अर्विनच्या पुढाकाराने छत्रीमुळे वाचलेल्या वैमानिकांचे ‘कॅटरपिलर क्लब’ नावाचे मंडळ स्थापन झाले. सभासदाला सोन्याच्या सुरवंटाचे चिन्ह मिळे, कारण ज्या रेशमाने त्याचे प्राण वाचविले ते एका अळीने विणलेले होते. अहिंसाधर्म पाळणाऱ्या वाचकाला येथे थबकावेसे वाटेल. कोश उकळताना ती अळी मरते, म्हणून आपल्यातील अनेक कुटुंबे रेशीम वर्ज्य करतात. एका जीवाचे रक्षण अनेक जीवांच्या नाशावर उभे होते, याची कबुलीच त्या सोनेरी चिन्हात होती.

हा व्यवहार बदलला तो युद्धामुळे. जपानकडून येणारे रेशीम थांबले आणि अमेरिकेला दुसरे कापड शोधावे लागले. १९३५ साली ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या संशोधनातून नायलॉन निर्माण झाले होते. कनेटिकट राज्यातील मँचेस्टर येथे चेनी बंधूंचा रेशमाचा मोठा व्यवसाय होता. त्याच घराण्याच्या उद्योगातून निघालेल्या छत्री-कंपनीने नायलॉनची छत्री सिद्ध केली. ६ जून १९४२ रोजी ॲडलिन ग्रे या तरुणीने ती पाठीवर बांधून उडी मारली. नायलॉनच्या छत्रीने उतरलेली ती पहिली मानवी व्यक्ती. ती त्याच कंपनीत छत्र्यांच्या घड्या घालण्याचे काम करीत असे. इतरांसाठी जे बांधायचे त्यावर स्वतःचा जीव ठेवण्याची तयारी तिने दाखविली. मालाची याहून मोठी हमी कोणता व्यापारी देऊ शकेल?

आजच्या छत्रीचे कापड ‘रिपस्टॉप’ विणीचे असते. ताण्याबाण्यात ठरावीक अंतरावर जाड धागे घालून बारीक चौकडी विणलेली असते. कोठे फाटलेच तर चीर त्या चौकटीपाशी अडते. या कापडाचा खरा गुण त्यातून हवा किती झिरपते यावर ठरतो. वापराने आणि धुळीने ते विरत जाते, हवा अधिक झिरपू लागते व छत्राचा आधार कमी होतो. ऊन हा नायलॉनचा मोठा शत्रू. घर्षणाच्या उष्णतेने ते वितळते, आम्लाने कमकुवत होते. दोऱ्यांचीही तीच कथा. काही प्रकारच्या दोऱ्या घासून तापतात, आखडतात; सर्व दोऱ्या सारख्या आखडत नाहीत, म्हणून छत्राचा तोल बिघडतो. डोळ्यांना नवीकोरी दिसणारी छत्री आतून थकलेली असू शकते. म्हणूनच जुनी छत्री विकत घेताना अनुभवी माणूस रंगाकडे पाहत नाही. किती उड्या झाल्या, दोऱ्या केव्हा बदलल्या, दुरुस्ती कोणी केली, हे तो नोंदवहीत पाहतो.

पडिलेहण

साधू-साध्वीजींच्या दिनचर्येत प्रतिलेखनाला, म्हणजेच पडिलेहणाला, किती महत्त्व आहे हे सांगण्याची आवश्यकता नाही. सकाळी आणि सायंकाळी वस्त्र, पात्र, रजोहरण यांचे बारकाईने निरीक्षण होते. काल पाहिले होते, म्हणून आज सोडून दिले जात नाही. मुहपत्तीच्या पडिलेहणाला पन्नास बोल आहेत. प्रत्येक हालचालीबरोबर एकेक बोल, म्हणजे हात चालतो आणि मन भटकते असे होऊ नये. उत्तराध्ययन सूत्राच्या सव्विसाव्या अध्ययनात प्रतिलेखनाचा विधी सांगताना, ते चालू असता गप्पागोष्टी करणाऱ्याला प्रमादी म्हटले आहे. पाच समितींतील आदान-निक्षेपण समिती हेच शिकविते. वस्तू उचलावी आणि ठेवावी ती पाहून, यतनेने.

छत्रीची घडी घालणाऱ्याचे काम या दृष्टीने पाहिले तर ते ओळखीचे वाटू लागते. छत्र पसरून प्रत्येक कप्पा पाहायचा. दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या नाहीत ना, हे टोकापासून टोकापर्यंत तपासायचे. ‘स्लायडर’ नावाचा कापडी चौकोन दोऱ्यांवर वरपर्यंत सरकवून ठेवायचा. छत्र एकदम न उघडता क्रमाने उघडावे, हे काम तो करतो. पिशवी बंद करणारी पिन वाकलेली नाही ना, तिचा फास झिजलेला नाही ना, हे पाहायचे. बोलण्याच्या नादात यातील एक पायरी सुटली तर ती चूक घडीत झाकली जाते आणि आकाशातच उघडी पडते. म्हणून मध्ये व्यत्यय आला की चांगला घडी घालणारा अंदाजाने पुढे जात नाही. मागे जाऊन पुन्हा तपासतो. विमानात चढण्यापूर्वी एकदा, आणि दार उघडण्यापूर्वी पुन्हा एकदा, सहकारी एकमेकांच्या पिना व पट्टे पाहतात. स्वतःच्या पाठीवरचे स्वतःला दिसत नाही, हे त्यामागील साधे कारण.

राखीव छत्री

मुख्य छत्री हजारात एखाद्या वेळी नीट उघडत नाही, असे या क्षेत्रात स्थूलमानाने मानले जाते. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर त्याच पिशवीत दुसरी, राखीव छत्री असते. बिघडलेली मुख्य छत्री सोडून दिल्याखेरीज राखीव छत्री उघडणे धोक्याचे, कारण दोन्ही एकमेकींत गुंतू शकतात. यासाठी बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात तीन कड्यांची एक युक्ती बसविली. एकात एक अडकविलेल्या कड्यांमुळे मोठा भार बारीकशा दोरीच्या फासावर तोलला जातो आणि एक मूठ ओढताच मुख्य छत्री सुटते. १९९१ पासून ‘सायप्रेस’ नावाचे जर्मन बनावटीचे स्वयंचलित यंत्र प्रचारात आले. माणूस बेशुद्ध पडला किंवा भान हरपले, तरी सुमारे ७५० फुटांवर, वेग अजूनही पडण्याचाच असेल, तर ते राखीव छत्रीच्या पिशवीचा फास कापते. त्या वेळी हाताशी केवळ चारेक सेकंद उरलेले असतात.

राखीव छत्रीची घडी कोणालाही घालू दिली जात नाही. अमेरिकेत परवानाधारक तज्ज्ञाने ती दर १८० दिवसांच्या आत उलगडून, तपासून पुन्हा बांधावी, असा नियम आहे. मग ती या काळात एकदाही वापरली गेलेली नसो. बांधणारा नोंदपत्रावर तारीख घालून सही करतो आणि पिनेवर धागा ओवून स्वतःचा शिक्का ठोकतो. ज्यांच्या घरी दिवाळीला वहीपूजन होते त्यांना या सहीचे मोल वेगळे सांगावयास नको. सही म्हणजे उत्तरदायित्व.

आपल्या देशातही ही परंपरा जुनी आहे. कानपूर येथे हवाई छत्र्यांचा सरकारी कारखाना १९४१ पासून आहे. २०२१ पासून तो ‘ग्लायडर्स इंडिया लिमिटेड’ या नावाने चालतो. आग्रा येथील संरक्षण संशोधन संस्थेने गगनयानासाठी छत्र्यांची रचना केली आहे. अंतराळवीरांना घेऊन उतरणाऱ्या कुपीला २५ मीटर व्यासाच्या तीन मुख्य छत्र्या असतील आणि त्यांपैकी दोन उघडल्या तरी कुपी सुखरूप उतरेल, असा हिशेब ठेवलेला आहे. घाटातील कॅच सायडिंग आणि अवकाशातील तिसरी छत्री, दोहोंमागील विवेक एकच.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतील पॅराशूट संघटना १९६१ पासून अपघातांची नोंद ठेवते. १९७० च्या दशकात तेथे दरवर्षी सरासरी चाळीसहून अधिक मृत्यू होत. २०२३ साली साडेछत्तीस लाखांच्या आसपास उड्या झाल्या आणि मृत्यू दहा. साधने किती सुधारली हे यावरून दिसते; मात्र उरलेल्या अपघातांचे कारण अधिक विचार करायला लावते. त्यांतील मोठा वाटा अशांचा असतो, ज्यांची छत्री व्यवस्थित उघडलेली होती. शिकाऊ माणसाला अडीचशे-तीनशे चौरस फुटांचे मोठे, संथ छत्र देतात. निष्णात माणूस शंभर चौरस फुटांहूनही लहान छत्र घेतो, कारण ते वेगवान असते. भूमीजवळ येऊन वेगाची मौज घेण्यासाठी तीव्र वळण घेताना क्षणभराचा अंदाज चुकतो. तेथे कापड दगा देत नाही, यंत्रही देत नाही. कषायांमध्ये ‘मान’ कशाला म्हणतात, याचा हा प्रत्यक्ष पाठ आहे.

कर्जत-खालापूरच्या कुटुंबांसाठी

विमानातून उडी मारण्याचा प्रसंग थोड्यांच्याच आयुष्यात येईल. परंतु कर्जत-खालापूरच्या परिसरात पट्टा आणि दोर यांवर जीव टांगण्याचे प्रसंग दर रविवारी येतात. भिवपुरीच्या धबधब्यावर दोरावरून उतरणे, खोपोलीवर उभ्या असलेल्या नागफणीच्या कड्यावरचे खेळ, घाटापलीकडे मावळात कामशेतला पॅराग्लायडिंग, या सर्व ठिकाणी आपली मुले जातात. पॅराग्लायडिंगचे छत्रही नायलॉनचेच. मात्र ते भूमीवरच फुगविले जाते. विमानातून पडताना एकदम उघडण्याचा हिसका सोसण्यासाठी ते केलेले नसते. दोन्ही एकच समजू नयेत.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ओला नायलॉनचा दोर कोरड्या दोराइतका ताण सोसत नाही, आणि धबधब्याचे खेळ तर भर पावसाळ्यातच चालतात. अंगाचा घाम, चिखलातील बारीक वाळू, खडकाची धार आणि नंतर गाडीच्या डिकीत तसाच गुंडाळून ठेवलेला ओला दोर, हे सर्व मिळून त्याचे आयुष्य न दिसता घटवीत असतात. धोक्याच्या धबधब्यांवर पावसाळ्यात प्रशासन मनाई आदेश काढते; तो आदेश असताना मागच्या वाटेने नेणाऱ्या माणसाकडे दोराची नोंदवही असेल, अशी अपेक्षाही करू नये. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करण्याची व्यवस्था केली आहे. नोंदणी दाखवा, असे म्हणण्यात संकोच मानू नये.

मग घरातील वडीलधाऱ्यांनी काय विचारावे? राखीव छत्रीची घडी कोणी घातली आणि कोणत्या तारखेला? स्वयंचलित यंत्र आहे का व ते चालू आहे का? दोन व्यक्ती एकत्र उडी घेणार असतील तर सोबतच्या प्रशिक्षकाचा परवाना कोणता, त्याच्या किती उड्या झाल्या? दोर व पट्टे किती वर्षांचे आहेत आणि त्यांची नोंद कोठे ठेवली आहे? वारा वाढला तर उडी रद्द होते का, आणि रद्द झाल्यास पैशांचे काय? शेवटचा प्रश्न व्यापारी कुटुंबाला क्षुल्लक वाटणार नाही. ज्या ठिकाणी उडी रद्द केल्याने आयोजकाचे नुकसान होते, तेथे वाऱ्याचा निर्णय गल्ल्याकडे पाहून होण्याची भीती असते.

काही ज्येष्ठांचा आक्षेप याहून मूलभूत आहे. निव्वळ मौजेसाठी देह संकटात घालणे अनर्थदंड नव्हे काय, असे ते विचारतात. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंड-विरमणाला स्थान आहे, तेव्हा हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. प्रत्येक कुटुंबाने त्याचे उत्तर आपल्या श्रद्धेनुसार द्यावे. कोणी ‘नको’ म्हणेल, आणि त्यात भित्रेपणा मानण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात ‘जा’ असे उत्तर मिळेल, त्या घराने मुलाला किंवा मुलीला परवानगीबरोबर पाहण्याची सवयही द्यावी. आपला पट्टा स्वतः तपासणे, शंका आल्यास विमानाच्या दारातूनही मागे फिरणे, आणि तसे मागे फिरलेल्याची थट्टा न करणे, हे त्या सवयीचे भाग आहेत.

ही सवय उडीच्या दिवशी अकस्मात येत नाही. दुकानाच्या माळ्यावर चढण्यापूर्वी शिडी हलवून पाहणारा, गोदामातील विजेची तार वर्षातून एकदा तपासून घेणारा, प्रवासाला निघताना गाडीच्या चाकांकडे नजर टाकणारा आणि मागे बसलेल्यांनाही पट्टा लावायला सांगणारा माणूस तीच सवय दररोज गिरवीत असतो. चातुर्मासात उपाश्रयात मुलांना घेऊन जाल, तेव्हा साध्वीजींचे सायंकाळचे पडिलेहण त्यांना थोडा वेळ शांतपणे पाहू द्यावे. एका लहानशा वस्त्राकडे इतक्या लक्षपूर्वक का पाहतात, असे एखादे मूल विचारील. त्याला उत्तर देताना कर्जतच्या फलाटावर जोडल्या जाणाऱ्या इंजिनांची आणि आकाशात उघडणाऱ्या छत्रीची गोष्टही सांगता येईल.